वारसाचा कोरा रकाना

दर उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या तालुक्यात शोध-बचाव पथकाचं शिबिर भरतं. नवेगाव बांधच्या तलावाच्या पाळीवर मंडप पडतो, हवेच्या टाक्या येतात, नवीन माणसं रबरी सूट चढवून एकमेकांचे फोटो काढतात. मला खुर्ची देतात. मी आता पाण्यात उतरत नाही, पण पहिल्या दिवशी दोन शब्द बोलतो. बोलून झालं की कोणीतरी हमखास विचारतो, "गुरुजी, तो विम्याचा फारम भरूनच द्याचा काय? सरकारी काम हाय, सरकार पायल नं."

मी म्हणतो, भर बाबा. तो मान हलवतो आणि फॉर्म घडी करून मागच्या खिशात कोंबतो. भाषणाने कोणी फॉर्म भरत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. मीही असंच भाषण ऐकलं होतं आणि अशीच मान हलवली होती. म्हणून आता लिहून काढतो आहे. टाकी लावून पाण्यात उतरणाऱ्यांसाठी, आणि ज्यांच्या घरात असा माणूस खाटेवर पडून आहे त्यांच्यासाठीही. उजव्या हाताने एक पान लिहायला माझी अख्खी सकाळ जाते, तेव्हा उगाच पाल्हाळ लावणार नाही.

दम

आमचं घर ढिवरांचं. बाबा तलावावर मासेमारी करायचे, धाकटा भाऊ देवा अजून करतो. मी शिकलो, प्राथमिक शाळेत मास्तर झालो, पण तलाव सुटला नाही. जाळं पाण्यातल्या झाडाच्या खुंटाला अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. बाबा पाळीवर बसून मोठ्याने आकडे मोजायचे. मी जितका उशिरा वर यायचो तितके ते खूश व्हायचे. त्यांनी शिकवलं ते एवढंच, की काहीही होवो, डोकं पाण्याबाहेर येईपर्यंत दम सोडायचा नाही. आजूबाजूच्या गावात कोणी बुडालं की पोलीस पाटील आमच्याकडे माणूस धाडायचा. बाबा गेल्यावर लोक मला बोलवायला लागले. त्या कामात मान होता आणि तो मान मला आवडायचा, खोटं कशाला सांगू.

आमच्या घरात एक रीत होती. माणूस पाण्यात उतरायला निघाला की मागून कोणी काही बोलायचं नाही. सांभाळून जा नाही, कधी येशील नाही. 'काही झालं तर' हे शब्द तर उंबऱ्याच्या आत चालत नसत. माझी माय त्या वेळी चुलीकडे तोंड करून बसायची आणि मी परत येऊन ओले कपडे वाळत घातले की मगच तिचं तोंड उघडायचं. माझी बायको वनिता आमगावकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी बुडालेल्या माणसाला काढायला निघालो तेव्हा ती दारातून ओरडली, "लवकर या जी!" मायने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. पुढे वनिताही गप्प राहायला शिकली.

फॉर्म

मोबाइल गावात नुकते आले होते आणि रेंज पाळीवर गेल्याशिवाय मिळत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तहसीलला हवेच्या टाक्यांचे दोन संच मिळाले आणि आम्हा सहा जणांना शिकवायला कोकणातून गावकर नावाचे गृहस्थ आले. समुद्रात उमर काढलेला माणूस. आमच्या तलावाकडे पाहून पहिल्या दिवशी म्हणाले, "पाणी गोड आहे म्हणून त्याला गरीब समजू नका."

पहिला धडा त्यांनी जमिनीवरच दिला. टाकी पाठीवर असताना श्वास रोखायचा नाही, कधीच नाही. खाली टाकीतली हवा दाबाखाली छातीत भरते. वर येताना दाब कमी होतो, हवा फुगते. श्वास सोडत वर आलात तर ती निघून जाते, रोखलात तर आतलं काहीतरी फाटतं आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात. उन्हात ठेवलेल्या सायकलच्या ट्यूबचं काय होतं ते पाहिलंय ना, म्हणाले. मी तर मास्तर. हा धडा मी इतर पाच जणांना पुन्हा समजावून सांगितला. कळलं होतं मला, अगदी पक्कं. पण कळणं डोक्यात होतं आणि बाबांचे आकडे छातीत होते.

शेवटच्या दिवशी गावकरांनी प्रत्येकाला पाणबुड्यांच्या अपघात विम्याचा फॉर्म आणि एका फोन नंबरचं कार्ड दिलं. "पैशासाठी म्हणून काढू नका," ते म्हणाले. "रक्तात बुडबुडे शिरण्याच्या दुखण्याला एक दाबाची पेटी लागते. ती तुमच्या जिल्ह्यात नाही. कुठे आहे, कोणत्या वाटेने न्यायचं, तोवर काय करायचं, हे तुमच्या डॉक्टरला सांगणारा आणि तुमची जाण्याची सोय लावणारा माणूस या नंबरवर बसलेला असतो. तुम्ही तो माणूस घेताय, एवढंच समजा."

पाच जणांनी फॉर्म कुठे टाकले देव जाणे. मी मात्र रविवारी दुपारी बैठक मारून भरायला घेतला. सुवाच्य अक्षर, रक्तगट, पिनकोड, सगळं. शेवटी रकाना आला, वारसाचे नाव. तिथे माझा पेन थांबला. वनिता समोर तांदूळ निवडत होती. वाकून पाहिलं आणि हसून म्हणाली, "माहं लिवा नं. दुसरी कोन हाय?"

आतून मायने विचारलं, "काय लिवून रायला रे?"

मी सांगितलं. माय दाराशी आली. "बाप्पा! जितेपनी मेल्यावरचा कागद लिवतेस? तुह्या बापानं सारी जिंदगी पान्यात काढली, त्यानं लिवला होता का कागद?" आणि ती चुलीकडे तोंड करून बसली.

नंतर बघू म्हणत मी फॉर्म पेपरांच्या गठ्ठ्यात सरकवला. मायवर ढकलून मोकळं व्हायचा माझा विचार नाही. मलाही ते नाव लिहवत नव्हतं. वनिताचं नाव आणि माझं मरण एका ओळीत, माझ्याच अक्षरात, हे मला नको होतं. गावकरांनी दोनदा फोन केला. "गुरुजी, फॉर्म पोचला नाही हो अजून." दुसऱ्या वेळी मी म्हणालो, "टाकला पोस्टात." वनितानेही एकदा विचारलं, तिलाही तेच सांगितलं. त्या वेळी ते अगदी बारीक खोटं वाटलं.

सापडला

पावसाळा संपत आला होता. पलीकडच्या टोलीवरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, एका मासेमाराचा डोंगा उलटला आणि माणूस वर आला नाही. आम्हाला बोलावलं. टाकी लावून मी उतरलो, वर दोर धरून देवा.

पाणी गढूळ, हाताने चाचपत जायचं. तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या खोलीवर तो सापडला, स्वतःच्याच जाळ्यात आणि खुंटात गुंतलेला. मी जाळं सोडवायला गेलो आणि माझीच नळी खुंटाला अडकली. हिसका बसला, नळीच्या टोकाचा तोंडात धरलेला तुकडा निसटला. तो पुन्हा तोंडात कसा घ्यायचा हे गावकरांनी आमच्याकडून वीस वेळा करून घेतलं होतं. माझ्या हातांना ते आठवलंच नाही. छातीला दुसरंच आठवलं. मी ओठ घट्ट मिटले, पट्टे सोडून टाकी खाली टाकली, आणि लहानपणी यायचो तसा दम रोखून सरळ वर सुटलो. छाती फुगत गेली, आत काहीतरी टचकन तुटल्यासारखं दुखलं, तरी मी दम सोडला नाही. आकडे ऐकू येत होते म्हटलं तर तुम्हाला खोटं वाटेल.

डोकं बाहेर आलं. मी देवाला म्हणालो, "सापडला." त्यानंतर कितीतरी आठवडे माझ्या तोंडून एवढा स्पष्ट शब्द निघाला नाही.

लकवा

पुढचं मला तुकड्या-तुकड्यात आठवतं. पाळीवर मला आडवं केलं होतं. उजवा पाय आपला नाही असं वाटत होतं. बोलायला गेलो तर जीभ दाताखाली यायची. देवा रडत होता आणि माझे तळपाय चोळत होता. थोड्या वेळाने जरा बरं वाटलं, पाय हलला, सगळे म्हणाले, पाणी गेलं होतं पोटात, झालं आता. मलाही चहा पाजला. आणि तो चहा पिता पिताच उजवा हात पुन्हा खाली पडला.

गोंदियाच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्याला दोष द्यायचा नाही. त्याने आयुष्यात असा रुग्ण पाहिला नव्हता. तपासून वनिताला म्हणाला, "भाभीजी, लकवा मार गया है. इतनी कम उम्र में, बीपी था क्या इनको?" सोबतच्यांनी सांगितलं, गुरुजी बुडी मारायला उतरले होते. टाकी होती, हे कोणी बोललंच नाही. आमच्याकडे गुरुजी पाण्यात गेले म्हणजे गेले, त्यात टाकी काय सांगायची? देवा मला सोडून पुन्हा तलावावर गेला होता, त्या माणसाला वर काढायला. मी सांगायचा प्रयत्न करत होतो. तोंडातून नुसती लाळ यायची. सगळं समजत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. त्या दिवशी मी जेवढा घाबरलो तेवढा पाण्यात कधी घाबरलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवा आला आणि डॉक्टरला पाहताच म्हणाला, "साहेब, टाकीतून वर आला न तो. दम रोकून आला." वनिताने तिथूनच गावकरांना फोन लावला. ते एवढंच म्हणाले, "कार्डावरचा नंबर सांगतो, तो लावा, आत्ता. विमा काढलाय ना गुरुजींनी." ती म्हणाली, "हो, काढला हाय." तिच्या मनात शंकाच नव्हती.

त्या नंबरवर एक बाई होती. तिने माझा विम्याचा नंबर विचारला, मग नाव, मग गाव. थांबा म्हणाली. मग म्हणाली, या नावाने नोंद दिसत नाही. वनिताने पुन्हा सांगितलं. बाईने पुन्हा पाहिलं. असं तीनदा झालं.

त्या बाईबद्दल मला सांगितलंच पाहिजे. नोंद नाही म्हणून तिने फोन ठेवला नाही. डॉक्टरला फोनवर बोलावलं, त्यांच्या डॉक्टरशी जोडून दिलं. हा साधा लकवा नाही, ऑक्सिजन लावा आणि सोडू नका, विमानाने नेऊ नका, आणि पेटी अमुक शहरात आहे, हे सगळं सांगितलं. पुढचं मात्र तिच्या हातात नव्हतं. गाडी, सोबत डॉक्टर, तिथल्या दवाखान्यात आधीच ठरवलेली वेळ, हे विमावाल्यांसाठी. आम्हाला ते सारं स्वतः जमवायचं होतं. देवा ऑक्सिजनच्या नळकांड्यासाठी दिवसभर हिंडला. माझ्या मास्तरकीच्या विम्यात असले धाडसी प्रकार बसत नाहीत असं कळलं. आगगाडीने निघालो तोपर्यंत दोन दिवस गेले होते. फोनवरच्या डॉक्टरने उंचावर त्रास वाढेल म्हणून बजावलं होतं, त्यामुळे देवा प्रत्येक स्टेशनवर शेजारच्याला विचारायचा, "घाट आला का जी?" घाट आला तेव्हा माझ्या हाताच्या मुंग्या खांद्यापर्यंत चढल्या. देवा माझा पंजा दाबून धरून बसला, जणू तो धरला म्हणजे मुंग्या थांबतील.

निघायच्या आधी वनिता कपडे आणायला घरी जाऊन आली होती. परत आल्यापासून ती माझ्याकडे पाहत नव्हती. थकली असेल, असं मला वाटलं.

पेटी

पेटी म्हणजे लोखंडी खोलीच. आत हवेचा दाब वाढवून ऑक्सिजन देतात, म्हणजे रक्तातले बुडबुडे आक्रसतात. गोल दार, जाड काचेची खिडकी, आत एक बाक आणि तोंडाला लावायचा मास्क. आत जाण्याआधी घड्याळ काढायचं, सुती कपडे घालायचे आणि अंगाला तेलाचा थेंब नसला पाहिजे, आत भडका उडू शकतो म्हणून. इथे आमची पंचाईत झाली. निघताना माय गोंदियाच्या दवाखान्यात आली होती आणि तिने टोरीच्या तेलाने मला डोक्यापासून टाचेपर्यंत चोळलं होतं. आमच्याकडे लकवा म्हटलं की मोहाच्या बियांचं हेच तेल. शिवाय एक बाटली भरून सोबत दिली होती. तिथल्या सेवकाने नाक मुरडलं आणि मला बाथरूममध्ये बसवून साबणाने घासायला घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. "काका, कोणत्या भट्टीतून आलात?" म्हणाला. मला हसू आलं. अर्ध्याच तोंडाने हसलो, पण हसलो. अपघातानंतरचं माझं पहिलं हसू ते.

दार बंद झालं आणि मला घाम फुटला. पाण्यात मला कधी कोंडल्यासारखं झालं नव्हतं, इथे झालं. कानात दडे बसले. सेवक खिडकीतून पाहत होता. एकदम काचेवर टकटक करून तो आतल्या भोंग्यातून ओरडला, "काका, सोडा! श्वास सोडा! रोखू नका!" मला कळलंही नव्हतं की मी दम धरून बसलोय. ज्या सवयीने इथवर आणलं तीच पुन्हा छातीत बसली होती. त्या दिवशी तासभर तो माणूस काचेपलीकडे उभा राहून तोंडाने मला दाखवत राहिला, आत, बाहेर, आत, बाहेर. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

रोजचा क्रम ठरला. सकाळी साबण, मग पेटी, मग व्यायाम, मग देवाच्या खांद्यावर हात टाकून संडासला. चाळिशीच्या माणसाला धाकट्या भावाने धुवावं, ही गोष्ट बोलून दाखवायची नसते, पण मी दाखवतो. तुमच्यावर ती पाळी आली तर तुम्ही एकटे नाही. पहिल्या आठवड्यात पायात जीव आला. जीभ सुटायला लागली. हात मात्र अडून राहिला, खडू धरायचा हात. मी तिथल्या डॉक्टरीणबाईंना अडखळत विचारलं, लवकर आलो असतो तर? त्या सरळ बोलल्या. "सांगता येत नाही. लवकर येऊनही काहींचं राहतं, उशिरा येऊनही काहींचं सुटतं. पण हो, कदाचित." हे 'कदाचित' मला अजून सोडत नाही.

वनिता बोलली

चौथ्या की पाचव्या दिवशी देवा खाली जेवायला गेला होता. वनिताने पिशवीतून एक घडी केलेला कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. तोच फॉर्म. घरून कपडे घेताना पेपरांच्या गठ्ठ्यात सापडला होता.

"पोस्टात टाकला म्हने," ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायला गेलो. नुसता आवाज निघाला. तिने पदराने माझी लाळ पुसली आणि बोलत राहिली.

"सारा फारम भरला तुमी. रक्तगट लिवला, पिनकोड लिवला. माहं नाव लिवाले का झालं होतं? त्या बाईले म्या तीनदा सांगतलं, नीट पाहा, माह्या नवऱ्यानं धाडला हाय, तो खोटं नाई बोलत. तिनं तीनदा पायलं. चवथ्यांदा मलेच लाज वाटली." मग पिशवी जवळ ओढत, "मायले भेले असान, समजते मले. पन मले तं खरं सांगाचं होतं."

मला सांगायचं होतं की नाव लिहिलं नाही ते तुझं म्हणूनच. तुझं नसतं तर केव्हाच लिहिलं असतं. एवढं मोठं वाक्य माझ्या जिभेला झेपण्यासारखं नव्हतं. मी उजवा हात उचलायला गेलो, तोही उठला नाही. ती फॉर्म घडी करून पुन्हा पिशवीत ठेवत होती. तिथून घरी येईपर्यंत ती माझी सगळी सेवा करायची, घास भरवायची, पण माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायची. आजारपणात लोक दुखण्याचं विचारतात. मला दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

लिखाण

घरी आलो. माय माझ्याकडे पाहून रडली नाही, चुलीकडेही वळली नाही. माझ्या पायाशी बसून म्हणाली, "म्याच रोकलं रे तुले." मी मान हलवून नाही म्हणालो. ती म्हणाली, "तुह्या मुंडी हालवल्यानं का होते?"

हाताचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलं होतं. काय लिहायचं ते मात्र वनिताने ठरवलं. तिने त्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून आणल्या, मोठी चळत, आणि रोज सकाळी चहानंतर एक माझ्यापुढे ठेवायला लागली. वरचं सगळं माझ्या जुन्या सुरेख अक्षरात छापून आलेलं. खाली रकाना कोरा. ती बोट ठेवायची आणि म्हणायची, "लिवा."

पहिल्या महिन्यात नुसत्या गांडुळासारख्या रेघा. 'व' रकान्याबाहेर जायचा, वेलांटी खालच्या ओळीत पडायची. पेन सुटून जमिनीवर घरंगळायचा आणि मी शिव्या द्यायचो, अर्धवट, कारण पूर्ण शिवी अजून जमत नव्हती. एकदा रागाने मी सगळी चळत भिरकावली. वनिताने एकेक कागद गोळा केला आणि त्यातलाच वरचा पुढे ठेवला. शाळेत पोरांना मी असंच छळलं असेल, आता कळतं.

याच काळात माझी जीभ बरीचशी सुटली. एका सकाळी मी ते वाक्य सांगितलं. एकेक शब्द जुळवत, मध्ये श्वास घेत. तुझं नाव होतं म्हणून लिहिलं नाही. तिने पेन उचलून माझ्या बोटांत दिला. मग म्हणाली, "मंग आता लिवा. लिवल्यानं कोनी मरत नाई. न लिवल्यानं का होते ते पायलं नं."

पुढच्या वर्षीचा पाऊस येऊन गेला, थंडी सुरू झाली, तेव्हा एका कागदावर 'वनिता' नीट वाचता येईल असं उमटलं. मी पेन खाली ठेवला. तिने तो कागद उजेडात धरून पाहिला. मग उठून आत गेली आणि मूळ फॉर्म घेऊन आली, तोच, घड्यांवर झिजलेला. "आता ह्याच्यावर," म्हणाली.

मी लिहिलं. वर माझं जुनं अक्षर, खाली हे वाकडं. तिने फॉर्म रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

"आता याचा काय उपयोग?" मी म्हणालो. "मी काही आता पाण्यात उतरत नाही."

"माह्या कामाचा हाय," ती म्हणाली आणि भात उतरवायला गेली.

पाळीवर

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पुन्हा शिबिर भरलं. गावकर आले होते. या वेळी पथकात देवाचं नाव होतं. मी त्याला नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, बुडनारे तं बुडूनच राहतीन. कोनीतरी उतराले पायजे." विम्याने पाण्यातला खुंट हटत नाही, आणि दूरच्या शहरातली पेटी कागदावर सही केल्याने गोंदियाला येत नाही, हेही मला माहीत होतं. फॉर्म भरून माझा हात वाचलाच असता असं मी कुणाला सांगत नाही. पण ते दोन दिवस वाचले असते. आणि वनिताला माझ्यापायी फोनवर तीनदा खोटं पडावं लागलं नसतं. भरायचा का असं विचारणाऱ्याला मी एवढंच सांगतो.

देवा टाकी चढवून पाण्यात शिरत होता. आम्ही सगळे पाळीवर. माय काठी टेकत आली होती. बाबांच्या काळापासून अशा वेळी आमच्याकडे जी शांतता व्हायची, ती झाली. पाणी देवाच्या छातीपर्यंत आलं, आणि वनिता एकदम ओरडली, "लवकर या जी, भाऊजी!"

मी मायकडे पाहिलं. चूल नव्हती तिथे, पण वळायचं असतं तर तिला पाठ फिरवता आली असती. ती फिरली नाही. काठी वर करून तिने आपल्या फाटक्या आवाजात हाक मारली, "अरे देवा! फारम भरला का?"

"भरला वं माय!" तो वळून म्हणाला. "सारे रकाने भरले!"

मग त्याने तुकडा तोंडात घेतला आणि खाली गेला. सवयीने मी आकडे मोजायला सुरुवात केली. पाच की सहापर्यंत गेलो असेन, वनिताने माझा उजवा हात धरून पाण्याकडे दाखवलं. तिथे बुडबुडे येत होते. थांबत थांबत, पण येत होते. मी मोजणं सोडलं आणि ते पाहत बसलो. देवा खाली श्वास सोडत होता.